तेरा दुरुस्त्या

मंगळवार, १० मार्च

चिमे,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण माझ्या नंबरावरून तुला फोन लागत नाही. का लागत नाही हे विचारायला हे पत्र नाही.

आधी कामाचं. आईच्या मुदत ठेवीचा तू पाठवलेला फॉर्म सही करून शनिवारीच रजिस्टर पोस्टाने टाकला. पावती माझ्याकडे आहे. तुझ्या चिठ्ठीत 'घराची नोंदणी गुरुवार, २७ ला' असं लिहिलंयस. २७ ला शुक्रवार येतो. कचेरीत नीट विचारून घे, नाहीतर एक दिवस आधी जाऊन बाकावर बसून राहशील. कर्ज न काढता, नर्सच्या पगारातून साठवून दोन खोल्या घेतेस. हे दोन ओळींतच कळलं, तरी बरं वाटलं.

आता मुद्दा. काल सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मला एक फोन आला. समोरचा म्हणाला, बँकेच्या पडताळणी विभागातून बोलतोय, आईची ठेव कुणीतरी परस्पर मोडायला टाकली आहे, ती थांबवायची असेल तर हातात दहा मिनिटं आहेत. मागे टाइपरायटरसारखा कीबोर्डचा आवाज चालू होता. खऱ्या कचेरीत इतकं काम चाललेलं मी कधी ऐकलं नाही.

मी दहावी नापास माणूस, पण बंद पडलेले प्रेशर गेज उघडून उघडून स्वतः शिकलो, आणि आज चार कारखान्यांचे बॉयलर माझ्या शिक्क्यावर चालतात. मला कोण फसवणार? मी त्याला बोलू दिलं. बिचाऱ्याची माहिती इतकी कच्ची की कीव आली. आईचं नाव चुकीचं, गेल्याची तारीख चुकीची, आपल्या दोघांत थोरलं कोण तेही उलटं. एकेक दुरुस्त करून देता देता घसा दुखला. शेवटी आला मूळ गोष्टीवर: फोनवर आलेला सहा आकडी कोड सांगा. मी म्हटलं, साहेब, जी बँक माझ्या खात्याची किल्ली मलाच मागते, तिच्यापेक्षा माझी पत्र्याची पेटी बरी. आणि ठेवला.

तुलाही असा फोन येऊ शकतो म्हणून लिहितोय. ओळखायची खूण सांगतो. असा माणूस घाई करतो. 'फोन ठेवू नका' म्हणतो. 'घरात कुणाला सांगू नका, चौकशी गुप्त आहे' म्हणतो. या तिन्हींतलं एक जरी ऐकलंस तरी ठेवून दे, आणि पासबुकावर छापलेल्या नंबरावर स्वतः फोन करून विचार. त्याने दिलेल्या नंबरावर नाही. तिथे त्याचाच भाऊ बसलेला असतो.

बाकी ठीक. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

दादा


बुधवार, ११ मार्च

चिमे,

कालचं पत्र सकाळीच पेटीत पडलं, नाहीतर फाडलं असतं. त्यात मी जे पराक्रम सांगितलेत ते मनावर घेऊ नकोस. त्याऐवजी हे वाच, आणि दोनदा वाच.

माझ्या फोनवर येणारा प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो. मागे एका मॅनेजरने फोनवर एक आकडा सांगितला आणि नंतर 'मी असं बोललोच नाही' म्हणाला, तेव्हापासून मी ही सोय करून ठेवली आहे. आज दुपारी धुलाई कारखान्यातला बॉयलरवाला गेज घेऊन आला. मी मोठ्या तोऱ्यात त्याला परवाचा कॉल ऐकवला. सतरा मिनिटं. तो हातातल्या चिंध्यांनी बोटं पुसत ऐकत होता. मला वाटलं, आता हसेल. कोडवर मी जे ऐकवलं तिथेही हसला नाही.

म्हणाला, "मास्तर, ह्याला कोड नकोच होता. कोड मागितला तो तुम्ही नाही म्हणावं म्हणून. तुम्ही खूश होऊन फोन ठेवलात. त्याचं काम आधीच झालं होतं."

त्याच्या मेहुणीचं असंच झालंय. हे लोक मुद्दाम चुकीचं बोलतात. 'तुमचा पत्ता काय' असं विचारलं तर माणूस सावध होतो. 'तुमचा पत्ता अमुक ना' असं चुकीचं म्हटलं की माणूस आपणहून म्हणतो, नाही हो, तमुक. काही लोकांना तर राहवतच नाही, असं तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता गेजच्या काचेकडे बघत बसला.

तो गेल्यावर मी वही घेऊन पुन्हा ऐकलं. तेरा दुरुस्त्या आहेत, चिमे. मला वाटत होतं मी त्याची परीक्षा घेतोय. चुकीचा काटा समोर आला की माझा हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडे जातो, तसं चाललं होतं.

तो म्हणाला, सहखातेदार तुमच्या ताई. मी म्हटलं, ताई कसली, धाकटी आहे, घरात आम्ही तिला चिमणी म्हणतो. तो म्हणाला, त्या शाळेत आहेत. मी म्हटलं, नर्स. त्याने तुझा नंबर वाचला, शेवटचे दोन आकडे उलटे. मी सरळ करून दिले. त्याने जुना पत्ता वाचला, मी तुझ्या फॉर्मवरचा नवा सांगितला, मजल्यासकट. तो म्हणाला, ताईंनी घरासाठी कर्ज काढलंय आणि नोंदणी पुढच्या महिन्यात आहे. मी म्हटलं, कर्ज नाही, सगळे साठवलेले पैसे खात्यात तयार आहेत आणि नोंदणी २७ मार्चला आहे. हे मी अभिमानाने सांगितलं. आवाजात ऐकू येतं.

अकरावी दुरुस्ती अशी: तो म्हणाला, मग ताईंशी तुमचं रोजचं बोलणं असेल. मी म्हटलं, तीन वर्षं बोलणं नाही.

म्हणजे तो माझं नाव सांगून तुला फोन करेल, आणि खरं-खोटं करायला तू मला फोन करणार नाहीस, हेही त्याला मीच सांगितलं.

नववी दुरुस्ती मी इथे लिहीत नाही.

आणखी एक. त्याच्याकडे आता माझा सतरा मिनिटांचा आवाज आहे. बॉयलरवाला म्हणाला, एवढ्या आवाजावर हुबेहूब दुसरा बनवतात. मला खरं वाटेना. पण धोका पत्करू नकोस. माझ्या आवाजात कुणी पैसे मागितले, अपघात सांगितला, अटक सांगितली, तर तो मी नाही. मी तुझ्याकडे पैसे मागणार नाही, हे तुला माहीत आहेच.

पोस्टातला माणूस म्हणतो पाच दिवस. मी म्हटलं, चार होतील का. तो म्हणाला, काका, पत्र पायी चालत नाही, पण आमचीही गाडी विमान नाही.

दादा


शुक्रवार, १३ मार्च

चिमे,

काल सकाळी दहा पस्तीसला एका अनोळखी नंबरावरून तुला फोन आला होता ना, तो मीच. बॉयलरवाल्याच्या फोनवरून. तू 'हॅलो' म्हणालीस. मी म्हटलं, मी दादा बोलतोय. पुढचं 'ऐक' तोंडातच राहिलं. तू ठेवलास. पुन्हा लावला, उचलला नाहीस. मग बॉयलरवाल्याने मेसेज टाकला: तुमच्या भावाचा निरोप, कुणालाही पैसे पाठवू नका. तू वाचलास की नाही, कळायला मार्ग नाही. आता त्याचाही नंबर तुला लागत नाही.

तू रागावून ठेवलास असं धरून चाललोय. रागावली असलीस तर चालेल. दुसरं काही झालं असेल तर मला कळणार कसं?

तिथून पोलीस ठाण्यात गेलो. फसवणुकीच्या तक्रारींचं टेबल आतल्या खोलीत आहे, पाच खुर्च्या, त्यांतली एक मोडकी. एक बाई तक्रारी घेतात, वयाने तुझ्याएवढ्या. त्यांनी विचारलं, किती गेले? मी म्हटलं, काहीच नाही. मग तक्रार कसली? मी सगळं सांगितलं. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं, आणि नवव्या दुरुस्तीपाशी थांबवून माझ्याकडे बघितलं.

नववी सांगतो. तो हळू आवाजात म्हणाला, आईंचं शेवटचं आजारपण ताईंनी एकटीनेच काढलं असेल, तुम्ही कामात. मी म्हटलं, मी तिथेच होतो. ती नर्स आहे, औषधं तिच्याकडे होती, तरी दुपारी दोनचं औषध एकदा दोन चाळीसला दिलं गेलं, माझ्या वहीत नोंद आहे, आणि ते मी आई गेल्यावर जमलेल्या सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून ती बोलत नाही.

हे मी एका चोराला सांगितलं. कुणी विचारलंही नव्हतं. त्याने फक्त 'तुम्ही कामात' असं चुकीचं म्हटलं, आणि मला ते तसंच सोडवेना.

बाई म्हणाल्या, "काका, पैशांपेक्षा जास्त देऊन बसलात." मग तक्रार लिहून घेतली, तुझ्या भागातल्या ठाण्याला कळवते म्हणाल्या, आणि विचारलं की तुम्ही स्वतः का जात नाही. मी म्हटलं, दोन दिवसांचा प्रवास आहे. त्या म्हणाल्या, नोंदणीला पंधरा दिवस आहेत.

ठाण्यातून सरळ तिकीट खिडकीवर गेलो. रांगेत माझ्यापुढे तिघं होते. तिघंही गेले, माझा नंबर आला, खिडकीतला माणूस 'कुठलं' म्हणाला, आणि मी मागच्याला पुढे जाऊ दिलं. खोटं कशाला लिहू. तू दार उघडून काय म्हणशील याची मला भीती वाटते, आणि काही न म्हणता दार लावशील याची जास्त.

वर्कशॉपवर येऊन तीन गेज तपासले. तिन्ही बरोबर निघाले तरी पुन्हा तपासले.

पैसे तेवढे हलवू नकोस. कुणाच्याही सांगण्यावरून. माझ्यासुद्धा.

दादा


बुधवार, १८ मार्च

दादा,

पैसे आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे बाकीचं तुला शांतपणे वाचता येईल.

तुझी दोन पत्रं पोचली. पहिलं सोमवारी, दुसरं आज.

गुरुवारी सकाळी पावणेदहाला फोन आला. मी नुकतीच ड्यूटीवरून येऊन चहा टाकला होता. तुझा आवाज. तसाच्या तसा, 'म्हणजे बघ' म्हणायच्या आधी तू थांबतोस ना, तोही थांबत होता. म्हणाला, गेज तपासताना वाफ उसळली, छाती भाजली आहे, ऑपरेशनला आत घ्यायच्या आधी पैसे भरायला सांगतायत, दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय. मी नर्स आहे, मी विचारलं, कुठला वॉर्ड, किती टक्के भाजलंय, सलाईन चालू आहे का. त्याने सगळी उत्तरं दिली. मला चिमे म्हणाला. घराचं त्याला माहीत होतं, तारीख माहीत होती. म्हणाला, नोंदणीआधी परत करतो, तुझं घर जाऊ देणार नाही.

तू त्या पत्रात फार आत्मविश्वासाने लिहिलंयस की घाई केली की ओळखायचं. दादा, भाजलेला माणूस घाई करणारच. 'ठेवू नकोस' म्हणणारच. मी तीन वर्षं तुझ्याशी बोलले नाही आणि तू मरायला टेकलायस असं कळल्यावर मला कुठली खूण आठवणार होती? मी बँकेचं ॲप उघडलं. रक्कम टाकली. घराचे सगळे. चहा उतू जाऊन गॅस विझला होता, तो बंद करायचंही मला सुचलं नाही.

शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. आणि तो रडायला लागला. म्हणाला, चिमे, त्या दोन चाळीसच्या औषधाचं माझं चुकलं. मला माफ कर.

माझा अंगठा तिथेच थांबला.

तू ऑपरेशनच्या टेबलावर असतास तर डॉक्टरला सुरी कशी धरायची ते सांगितलं असतंस. पण हे म्हणाला नसतास. मी फोन ठेवला, नंबर बंद केला आणि जमिनीवर बसले. पाऊण तासाने दुसऱ्या नंबरावरून पुन्हा तोच आवाज, 'मी दादा बोलतोय'. मला वाटलं, तोच. 'पैसे पाठवू नका' हा मेसेजही त्याचाच वाटला. म्हटलं, आता दुसऱ्या वाटेने येतोय.

मग चार दिवस मला माहीत नव्हतं की तू खरंच जिवंत आहेस की भाजून पडलायस. तुझ्या वर्कशॉपचा नंबर मी कधीच पुसून टाकला होता. सोमवारी पत्र आलं आणि त्यात २७ ला शुक्रवार येतो असं वाचलं, तेव्हा कळलं की तू धडधाकट आहेस. हसू आलं आणि मग बराच वेळ रडू आलं.

मी चोराला कशावरून ओळखलं हे तू कुणाला सांगू नकोस. मला लाज वाटते. तुलाही वाटायला हवी.

फोन करू नकोस. तुझा नंबर मी चालू केलेला नाही. राग आहेच, पण आता तो आवाज ऐकला की माझे हात गार पडतात. काही सांगायचं असेल तर कागदावर सांग.

चिमणी


गुरुवार, २६ मार्च

चिमे,

हे पत्र पोस्टाचं नाही. तुझ्या इमारतीसमोर बसथांब्यावर बाक आहे, तिथे बसून लिहितोय. सकाळचे आठ पन्नास झालेत. दुसऱ्या मजल्यावर डावीकडच्या खिडकीत पांढरा गणवेश वाळतोय, म्हणजे घर तेच. लिहून झालं की दाराखालून आत सरकवीन आणि जिन्यात खालच्या पायरीवर थांबेन. घंटा वाजवणार नाही. हाक मारणार नाही. आवाज नको म्हणालीस, ते लक्षात आहे.

तुझं पत्र सोमवारी आलं. वाचून झाल्यावर मी वर्कशॉपला कुलूप लावलं आणि या वेळी खिडकीवरच्या माणसाने विचारायच्या आत गावाचं नाव सांगितलं.

दोन दिवस गाडीत मी एकाच गोष्टीवर अडून होतो. तुला जे सांगायचं ते त्याने आधीच सांगून टाकलंय, माझ्याच आवाजात. रडूनसुद्धा. मी तेच शब्द लिहिले तर ते त्याचेच वाटणार, आणि तू पुन्हा हात आखडता घेशील. बरोबरच करशील. दुसरे शब्द शोधले, मला येत नाहीत. बॉयलरवाला स्टेशनवर सोडायला आला होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, मास्तर, चोराला माहीत नसलेलं काहीतरी सांगा.

मी मनातल्या मनात रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. सतरा मिनिटांत मी त्याला जवळपास सगळं दिलंय. एक गोष्ट तेवढी त्यात नाही, कारण ती मी कुणालाच सांगितलेली नाही. पोलिसातल्या बाईंना नाही, त्या दिवशी जमलेल्या माणसांना नाही. वहीतही नाही. वहीत फक्त वेळ आहे.

त्या दुपारी आईच्या पायाशी खुर्ची होती, तिच्यावर मी बसलो होतो. तू दोन रात्री ड्यूटी करून आली होतीस आणि पलंगाच्या कठड्यावर डोकं टेकून बसल्या बसल्या झोपली होतीस, हातात टॉवेल तसाच. दोन वाजले ते मी पाहिलं. बाटली माझ्यापासून हातभर अंतरावर होती, चमचा तिच्यावरच पालथा ठेवलेला. मनात म्हटलं, बघू, हिच्या केव्हा लक्षात येतं. दोन दहाला पाहिलं. दोन वीसला पेनाचं टोपण काढलं. तू दचकून उठलीस तेव्हा दोन चाळीस झाले होते, आणि मी ते लिहून घेतलं.

मी जागा होतो, चिमे. पूर्ण चाळीस मिनिटं.

दादा